पेत्रोनिलाबाईंची टर्की

अबेलार्दोच्या कारखान्याने यंदा नाताळची भेट म्हणून दिलेली टर्की एवढी थोरली होती, की घरी येताना बसमध्ये तिला वेगळी सीट द्यावी लागली आणि एका आजीबाईंना उभं राहावं लागलं. आजीबाई आधी रागावल्या, पण टर्की बघितल्यावर त्यांनी आपणहून जागा सोडली, असं अबेलार्दोने घरी येऊन अभिमानाने सांगितलं. हर्मेलिंदाने आधी टर्कीकडे पाहिलं, मग फ्रिजकडे, आणि मग नवऱ्याकडे.

फ्रिजचे सगळे कप्पे बाहेर आले. दूध आणि भाज्या शेजारी राहायला गेल्या. तरी टर्कीचा एक पाय बाहेर राहिलाच, म्हणून फ्रिजचं दार अबेलार्दोच्या पट्ट्याने बांधावं लागलं. लसूण, जिरं, वाटलेली लाल पांका मिरची आणि काळी बियर असा मसाला हर्मेलिंदाने तिला दोन्ही हातांनी चोळला. दुसऱ्या दिवशी ती घरच्या ओव्हनपाशी नेली, तर ती आत जाईना.

"पाय मोडूया का?" अबेलार्दोने विचारलं.

"कुणाचे?" हर्मेलिंदा म्हणाली.

अबेलार्दो गच्चीवर निघून गेला.

हर्मेलिंदाचा जीव टांगणीला लागला होता, त्याचं कारण टर्कीहून जुनं होतं. ती या घरात आली तेव्हा सासूबाई, म्हणजे पेत्रोनिलाबाई, हयात होत्या आणि त्यांच्या टर्कीचं नाव अख्ख्या रिमाक वस्तीत होतं. नाताळच्या आदल्या दिवशी त्या स्वयंपाकघराचं दार लावून घेत. मग परात फडक्याने झाकून स्वतः बेकरीत पोचवत आणि स्वतःच घेऊन येत. कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे. कृती त्यांनी कुणालाच सांगितली नाही. त्या गेल्यापासून दर नाताळला सासरे, तेओबाल्दोबाबा, पहिला घास चावत, खिडकीबाहेर बघत आणि म्हणत, "छान आहे. पण आमच्या पेत्रोनिलाची टर्की..." पुढचं वाक्य ते कधीच पूर्ण करत नसत. हर्मेलिंदाने बियर बदलली, मिरची बदलली, एकदा रागाने ओव्हनही बदलला, पण ते वाक्य काही बदललं नाही. एकदा, फक्त एकदा, तेओबाल्दोबाबांनी "अगदी तिच्यासारखी" म्हणावं, एवढीच तिची इच्छा होती.

अबेलार्दो गच्चीवरून उतरला तेव्हा त्याच्या हातात आईची जुनी परात होती. निळ्या काठाची, आणि एका कानाच्या जागी तार वळवलेली. जुनी गादी आणि मोडकी सायकल यांच्या मागे ती इतकी वर्षं पडून होती. घासूनपुसून टर्की तिच्यात ठेवली, तर मापाने घेतल्यासारखी बसली. हर्मेलिंदाला तो शुभशकुन वाटला.

कोपऱ्यावरच्या बेकरीत नाताळच्या आदल्या दिवशी दुपारनंतर पाव मिळत नाही. अख्ख्या आळीच्या टर्क्या तिथल्या भट्टीत जातात आणि रांगेतल्या बायका आपापल्या परातीवरचं फडकं जरासंच उचलून दुसरीला दाखवतात. एकीने इंजेक्शनच्या सुईने टर्कीत पिस्को दारू भरली होती. दुसरी म्हणे आपण कातडीखाली लोणी सारलंय, सुई टोचणं हे काय, टर्कीला ताप थोडाच आलाय. तिसरीच्या आईकडे टर्कीला जिवंतपणीच पिस्को पाजत, म्हणजे मांस मऊ होतं आणि टर्कीही जाताना खुशीत जाते. चौथीने चिनी दुकानातला सोया सॉस वापरल्याचं कबूल केलं आणि बाकीच्यांनी आपापल्या परातीवरची फडकी नीट ओढून घेतली. हर्मेलिंदाचा नंबर आला तेव्हा काउंटरवर बेकरीवाला एकटाच होता. त्याने परात घेतली, तिच्या तारेच्या कानाला पत्र्याचा बिल्ला अडकवला आणि आत सरकवली.

संध्याकाळी अबेलार्दोने झाकलेली परात घरी आणली.

"हलकी लागतेय रे," हर्मेलिंदा म्हणाली.

"भाजली की आकसते," अबेलार्दो म्हणाला. कारखान्यात तो पत्रे कापायचा, पण उष्णतेबद्दल त्याला सगळं ठाऊक असे.

इतर घरी नाताळचं जेवण रात्री बाराला असे, पण तेओबाल्दोबाबांना तोपर्यंत जागवत नसे, म्हणून या घरचं नाताळचं जेवण दिवेलागणीलाच होई. तिथला नाताळ ऐन उन्हाळ्यातला; उकाड्यात सगळे घाम पुसत गरम चॉकलेट पीत होते. नणंद सोराइदा आली होती.

"वहिनी, सफरचंदाची चटणी जास्त केलीय ना?" ती म्हणाली. "मागच्या वर्षी टर्की घशातच बसली होती. मी पार नवीन वर्षात गिळली."

हर्मेलिंदाने फडकं काढलं आणि तिचे हात जागच्या जागी थांबले. तिची टर्की मिरचीने काळपट लाल व्हायला हवी होती. ही सोनेरी होती. हिला संत्र्याचा वास येत होता. ही दुसऱ्याच कुणाची तरी टर्की होती. ती तोंड उघडणार, तोच अबेलार्दोने सुरी चालवली आणि पहिला तुकडा वडिलांच्या ताटात पडला.

तेओबाल्दोबाबांनी घास चावला. खिडकीबाहेर पाहिलं. पुन्हा चावला. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पेत्रोनिलाची," ते म्हणाले. "अगदी तिचीच. पोरी, तुला तिचा हात लाभला गं."

सोराइदाने दोनदा वाढून घेतलं आणि चटणीला बोटही लावलं नाही. अबेलार्दो सगळ्यांकडे असा बघत होता, जणू टर्की त्यानेच अंड्यातून काढली होती. हर्मेलिंदा मान खाली घालून जेवत होती. इतकी वर्षं ज्या शब्दांची वाट पाहिली ते मिळाले, आणि तेही परक्या टर्कीमुळे. सकाळी उठल्याबरोबर खरं सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं.

सकाळी ती काही बोलायच्या आत दार वाजलं. बेकरीवाल्याची बायको ग्रिसेल्दा झाकलेलं ताट घेऊन उभी होती. हर्मेलिंदाने तिला ओढतच स्वयंपाकघरात नेलं आणि दार लावलं.

"ग्रिसेल्दामावशी, काल आमच्या परातीत कुणाची तरी टर्की आली."

"माझी," ग्रिसेल्दा म्हणाली. "काल भट्टीपाशी पेत्रोनिलाची परात दिसली आणि मला भरूनच आलं. म्हटलं, सुनेला सांगून गेली वाटतं. घातली माझी टर्की त्यात, नेहमीसारखी."

"नेहमीसारखी?"

ग्रिसेल्दा स्टुलावर बसली. पेत्रोनिला नवी नवरी होती, तेव्हा पहिल्याच नाताळला तिने मीठ दोनदा घातलं आणि बेकरीत येऊन रडत बसली. ग्रिसेल्दाने दया येऊन आपली टर्की तिला दिली. घरी नवऱ्याने इतकं कौतुक केलं, की परतीची वाटच राहिली नाही. तेव्हापासून दर नाताळला परात तिची आणि टर्की हिची.

"आणि त्यांची टर्की?"

"आम्ही खायचो. खारट, वातड. माझा नवरा गरीब, दरवर्षी मुकाट्यानं गिळायचा. मैत्रीण होती गं माझी, काय करणार." तिने ताटावरचं फडकं काढलं. आत हर्मेलिंदाच्या टर्कीचे उरलेसुरले, काळपट लाल तुकडे होते. "पण काल तुझी टर्की आली आणि तो ताटावरून उठेना. हाडंसुद्धा चोखली. एवढंच वाचवून आणलंय, तूही चव बघ म्हणून."

हर्मेलिंदाला आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग तिला आपल्या सासूबाईंबद्दल माया वाटली, जी त्या जिवंत असताना कधी वाटली नव्हती. दाराआड एकटी बसलेली, टर्कीला घाबरणारी पेत्रोनिलाबाई तिच्या डोळ्यांपुढे आली. खरं सांगायचा बेत तिने तिथेच सोडला. म्हाताऱ्याची पेत्रोनिला त्याच्याकडून काढून घेणारी ती कोण?

तेवढ्यात वासावर तेओबाल्दोबाबा आत आले. ताट दिसल्यावर त्यांनी न विचारता एक तुकडा उचलला.

"तुमच्या घरची का, ग्रिसेल्दाबाई?"

ग्रिसेल्दाने हर्मेलिंदाकडे पाहिलं. हर्मेलिंदाने मान डोलावली.

"हो, आमच्याच घरची," ग्रिसेल्दा म्हणाली.

तेओबाल्दोबाबांनी सावकाश चावला, खिडकीबाहेर पाहिलं आणि प्रेमाने सुनेच्या खांद्यावर हात ठेवला.

"छान आहे," ते म्हणाले. "पण आमच्या हर्मेलिंदाची टर्की..."