एकतीसपैकी तीस हजर

आमच्या शेजारचे परबकाका रोज संध्याकाळी सात वाजता वेड्यांची हजेरी घेतात. खरे वेडे नव्हेत, लॅपटॉपवरच्या खेळातले. खरा वेडा त्या खोलीत एकच आणि तो स्टुलावर बसून हजेरी घेत असतो, असं माझं गेली तीन वर्षं ठाम मत होतं.

मुंबईत नाहूरला आमची भिंतीला भिंत. भिंत कसली, पुठ्ठाच तो. ऑफिसातून येऊन मी चहाचा कप तोंडाला लावते न लावते तोच पलीकडून खणखणीत आवाज येतो, "मार्गारेट बेल! हजर! थॉमस ग्रीन! हजर!" असं पाऊण तास चालतं. शेवटी वही मिटल्याचा आवाज आणि जाहीर निकाल, "एकतीसपैकी तीस हजर. एकाचा रिपोर्ट पेंडिंग." मग माझा नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणतो, "चला, आपणही जेवायला घेऊ."

काका मरोळच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. गेटाजवळच्या खिडकीत बसायचं आणि कोण आला, कोण उशिरा आला, कोण आलाच नाही हे मस्टरात लिहायचं. बत्तीस वर्षं हेच केलं. लग्न केलं नाही. (कोण देणार होतं मुलगी!) कारखाना सुटला तरी मस्टर सुटलं नाही. "मस्टरात नाव आसा, म्हणजे माणूस आसा," हे त्यांचं ब्रीदवाक्य. दुधाच्या पिशव्या, जिन्यातल्या कुंड्या, कबुतरं, सगळ्यांची हजेरी घेऊन झाली. मग एका पुतण्याने नवा लॅपटॉप घेतला आणि जुना काकांच्या गळ्यात मारला. त्यात तो खेळ होता आणि तिथेच आमची वाट लागली.

खेळाचं गाव क्रॉबरी. विलायतेत, व्हिक्टोरिया राणीच्या काळात बांधलेलं वेड्यांचं इस्पितळ. सगळं कुणाच्या तरी डोक्यातून निघालेलं, पण काका ते आजोळ असल्यासारखं सांगतात. पिम नावाचा एक दुष्ट डॉक्टर. तो रोग्यांना गार पाण्याच्या टबात बसवून वर झाकण ठोकायचा, खुर्चीला बांधून गरगर फिरवायचा. श्रीमंत लोक नकोशा झालेल्या बायका तिथे आणून टाकायचे. एके दिवशी आग लागली, पिमने पश्चिमेच्या इमारतीला बाहेरून कुलूप लावलं आणि आतले सगळे गेले. आता त्यांची भुतं वॉर्डांतून हिंडतात आणि खेळणाऱ्याने त्यांच्यातून वाट काढत बाहेर पडायचं.

दुसरा कोणी असता तर घाबरला असता. काकांना राग आला, तो कारभाराचा. "चाळीस खोल्यांना रात्रपाळीक एकच वॉर्डन? आणि चावी साहेबाच्या खिशात? युनियन नव्हती गो, म्हणून चाललं." हे त्यांनी मला लिफ्टमध्ये सांगितलं, वॉचमनला सांगितलं, मासेवालीला सांगितलं. ती म्हणाली, "भाऊ, बोंबील घेतोस की पुढे जातोस?" त्यांनी बोंबील घेतले आणि पिमच्या टबाचं माप सांगूनच पुढे गेले.

कळस झाला तो सोसायटीच्या मीटिंगमध्ये. विषय होता आग विझवायच्या नळकांड्यांचा. काका उठले आणि क्रॉबरीच्या आगीवर वीस मिनिटं बोलले. बोलता बोलता गहिवरले. आमचे सेक्रेटरी कानाने अधू, पण कर्तव्याला पक्के. त्यांनी इतिवृत्तात लिहून टाकलं, 'क्रॉबरी येथील दुर्दैवी घटनेबद्दल सभेने दोन मिनिटं उभं राहून शोक व्यक्त केला.' उभे राहिलो होतो हे खरं आहे. पुढे बसलेले उठले म्हणून आम्हीही उठलो. नाहूरची माणसं विलायतेतल्या खोट्या भुतांसाठी माना खाली घालून उभी होती आणि माझ्या पायाला मुंग्या येत होत्या.

रविवारचा थाट तर वेगळाच. इतर दिवशी पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी, रविवारी इस्त्रीचा शर्ट, फुल पँट, पायात मोजे आणि बूट. घरात, लॅपटॉपसमोर! शेजारी कागदाच्या पुडीत मालवणी खाजा, गुळात घोळवलेला. तो कोणी खायचा नाही. सोमवारी सकाळी ती पुडी आमच्याकडे यायची आणि माझा नवरा, ज्याला कशाचीच लाज नाही, तो खाजा खाऊन टाकायचा.

मला एक गोष्ट मात्र टोचत होती. हा खेळ आठ तासांत संपतो असं मी नेटवर वाचलं होतं. काका तीन वर्षं शेवटच्या दारापाशी अडकले होते. दुसरं म्हणजे खेळात रोगी तीसच आहेत, हेही तिथेच वाचलं. मी एकदा म्हटलं, "काका, तुमचं मोजण्यात चुकतंय. तीस आहेत."

"एकतीस."

"अहो, तीस. बनवणाऱ्यांनीच लिहिलंय."

"त्यांका काय म्हायत?" म्हणाले आणि दार लावून घेतलं. जन्मभर माणसं मोजली आणि शेवटी हा हिशोब, असं मी जिन्यातून ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं. माझं तोंड असंच आहे.

मागच्या रविवारी त्यांनी मला बोंबलाचं तिखलं चाखायला बोलावलं. बूट घालूनच स्वयंपाक चालला होता. मी बाहेरच्या खोलीत बसले, समोर लॅपटॉप उघडा. पडद्यावर ते शेवटचं दार, दारापलीकडे रांगेत उभे तीस जण आणि अलीकडे भिंतीवर एक लोखंडी दांडा. नेटवर वाचलं होतं, शेवटी तीच आग पुन्हा लागते; दांडा ओढायचा, पश्चिमेची इमारत बंद होते, आग आतल्या आत राहते आणि आपण बाहेर. मला वाटलं, बिचाऱ्या म्हाताऱ्याला दांडा दिसत नसेल. एकदा खेळ संपला की माझा सातचा चहाही शांततेत होईल. मी दांडा ओढला.

धाडकन दार लागलं. आतून हाका आल्या, मग त्या थांबल्या. पडद्यावर सकाळ झाली, पाखरं ओरडली, खेळ बनवणाऱ्यांच्या नावांची यादी सरकत गेली आणि शेवटी एकच ओळ उरली, 'नव्याने सुरू करा'. मागची तीन वर्षं पुसली गेली होती.

काका ताटली घेऊन दारात उभे होते.

"दार कोणी लावलं?"

"मी. काका, सुटलात! जिंकलात तुम्ही!"

"आत माणसं होती गो," ते म्हणाले.

मी हसायला तोंड उघडलं आणि त्यांचा चेहरा पाहून मिटलं. त्यांनी ताटली खाली ठेवली, मस्टर उघडलं आणि पेन हातात घेतलं. मी पहिल्यांदाच ते मस्टर जवळून पाहत होते. तीस नावं इंग्रजी, प्रत्येकापुढे निळ्या शाईत हजेरी, रोजची, एक दिवस चुकलेला नाही. एकतिसावं नाव मराठीत होतं. कुसुम गोविंद परब. त्या ओळीतले सगळे चौकोन कोरे.

"कोण ही?"

"माझी मोठी बहीण. पोर गेला तिचा आणि डोक्यान बिघडली. सासरच्यांनी आणून घातली. आई म्हणाली, गावात लोक बोलतत, मुंबईक ने. मी इस्पितळात नेली. सही माझी. दारातसून म्हटलं, कुसुम, रविवारी येतंय. दोन रविवार गेलो, खाजा घेऊन. तिसऱ्या रविवारपासून कारखान्यात ओव्हरटाइम लागलो." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "ओव्हरटाइम तर निमित्त. माका ती बघवत नव्हती. दार बंद करून निघताना हाक मारायची."

दीड वर्षाने ते गेले तेव्हा इस्पितळातलं रजिस्टर भरून नवं सुरू झालं होतं. वॉर्डात कुसुम नव्हती आणि नव्या रजिस्टरात तिचं नाव नव्हतं. गेली अशीही नोंद नाही, कोणी घेऊन गेलं अशीही नाही. कोणीतरी नाव नव्या रजिस्टरात उतरवायचं विसरलं होतं. जुनं रजिस्टर शोधायला त्यांनी कितीतरी खेटे घातले, पण ते मिळालं नाही.

"त्या क्लार्कावर ओरडाक पण तोंड नव्हतं," काका म्हणाले. "मी कारखान्यात दर महिन्याक दोनशे नावं उतरवायचो. एक पण विसरलंय नाय. आणि ती ज्या रजिस्टरात होती, ते दीड वर्ष बघूक गेलंय नाय."

"मग हे चौकोन कोरे का?"

"हजर कशी लावू? मी बघितली नाय. खोटी हजेरी मी कोणाची लावली नाय." मग हळूच म्हणाले, "आणि गैरहजर पण कशी लावू?"

ज्याला दांडा दिसत नसेल असं मला वाटलं होतं, त्याला तो पहिल्या दिवसापासून दिसत होता. मला स्वतःची लाज वाटली आणि मी तिखल्याची ताटली बाजूला सारली. त्यांनी मात्र मला पूर्ण खायला लावलं आणि मीठ कमी आहे का, हेही विचारलं. एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना मी मुलुंडला उतरले आणि मस्टर घेतलं, लांबट, लाल पाठीचं. सातला काकांकडे गेले. त्यांनी खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू केला होता आणि आतापर्यंत दोनच रोगी भेटले होते. म्हटलं, "सांगा, मी उतरवते."

ते नावं सांगत गेले, मी लिहीत गेले. थॉमसचं आडनाव चुकलं तेव्हा त्यांनी पान बदलायला लावलं. माणूस चक्रम तो चक्रमच. तिसाव्या नावानंतर मी न विचारताच एकतिसावं नाव लिहिलं, पट्टी घेऊन पुढचे चौकोन आखले आणि कोरे ठेवले. त्यांनी चष्मा पुसून ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, "बरा उतरवलंस."

घरी आले तर नवऱ्याने पेपराआडूनच विचारलं, "काय, किती वेडे आले आज?"

"दोन हजर," मी म्हटलं. "अठ्ठावीस अजून भेटायचे आहेत. एकीचा रिपोर्ट पेंडिंग."