एका खुर्चीची मैफल

धोका ओळखण्यात माझा हात कोणी धरू शकणार नाही! टेबलाचा कोपरा, शर्टाचं सैल बटण, अख्खं द्राक्ष, पडद्याची दोरी... जगातली कुठलीही वस्तू बाळाच्या घशात, नाकात किंवा डोळ्यात कशी जाईल, हे मी झोपेतसुद्धा सांगेन. कॉलेजात मला पदार्थविज्ञानात पहिला वर्ग होता. नवरा म्हणतो, "त्या सगळ्या विज्ञानाचं तू भीतीत रूपांतर केलंस!" म्हणू दे! आमची टिमकी चालायला टेकली तरी तिला अजून साधं टेंगूळ आलेलं नाही. (टिमकी हे नाव तिच्या आवाजावरून पडलं. एकदा वाजायला लागली की खालच्या मजल्यावरचे लोक खिडक्या लावून घेतात.)

तर अशा माझ्या घरात इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर आले!

माझा मामा ध्वनिमुद्रक. सगळं आयुष्य दुसऱ्यांचं गाणं टिपण्यात गेलं. तो लहान घरात राहायला निघाला तेव्हा त्याचा फोन आला, "भाचीबाई, माझ्या दोघी लाडक्या तुझ्याकडे पाठवतोय. जीव लावून सांभाळ." मी घाईघाईने दोन जादा गाद्या काढून ठेवल्या. दुपारी हमाल आले आणि त्यांनी दोन जाळीदार पडदे आणून उभे केले. माझ्याहून उंच, आणि जाडी एखाद्या शब्दकोशाची! पलीकडची भिंत आरपार दिसत होती.

"ही दारं उघडतात कुठे?" नवऱ्याने विचारलं.

"कपडे वाळत घालायला बरी आहेत," सासूबाई म्हणाल्या आणि खरोखरच टिमकीचं दुपटं घेऊन पुढे सरसावल्या.

"आई, नको! आत हजारो व्होल्ट असतात!"

झालं! हे वाक्य माझ्याच तोंडून निघालं आणि मलाच घाम फुटला. स्पीकरच्या आत अगदी पातळ प्लास्टिकचा पापुद्रा असतो. तो विजेने थरथरतो आणि गाणं होतं. मामाने कितीदा सांगितलं की जाळी बंद आहे, बाळाच्या बोटाला काही होणार नाही. पण मामाला मूलबाळ नाही, त्याला काय कळतंय! मी टिमकीसाठी आणलेलं लाकडी कुंपण काढलं आणि त्यात स्पीकर ठेवले. लोक मुलांना कुंपणात ठेवतात आणि स्पीकर मोकळे सोडतात. आमच्याकडे स्पीकर कोंडलेले आणि टिमकी बाहेरून गज हलवतेय!

बरं, हे स्पीकर भिंतीला चिकटवून ठेवता येत नाहीत. आवाज पुढून जेवढा येतो तेवढाच पाठीमागूनही. म्हणून ते हॉलच्या मध्यावर आले. आणि आवाज टॉर्चच्या झोतासारखा पडतो. मामाने हमालांसमोरच मला फोनवरून एक खुर्ची इकडून तिकडे सरकवायला लावली आणि म्हणाला, "बस! गाणं इथे. एका वेळी एकच माणूस. एक वीत इकडेतिकडे झालीस की गेलं."

मी बसले. त्याने स्वतः टिपलेल्या एका मैफलीची सीडी मी लावली. आणि काय सांगू! गायिकेने श्वास घेतला तो माझ्या गालाला लागला! साथीच्या व्हायोलिनवाल्याची खुर्ची करकरली, ती कुठल्या पायावर करकरली हेसुद्धा कळलं. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच मी कोणाचीतरी आई नव्हते, फक्त दोन कान होते. डोळे भरून आले.

तेवढ्यात वाटलं, टिमकी फार वेळ गप्प आहे. उठले.

हे रोजच होऊ लागलं. बसायचं, श्वास ऐकायचा, उठायचं. शेवटी नवरा वैतागला. हॉलमध्ये चालताना त्याला कुंपणाला वळसा घालावा लागे आणि दर वळशाला करंगळी आपटे.

"अगं, आमच्या ऑफिसच्या इमारतीतले दातांचे डॉक्टर हे स्पीकर न्यायला तयार आहेत. दवाखान्यात लावतील. तू तर एकदाही पूर्ण गाणं ऐकलं नाहीस!"

"ऐकेन!"

"कधी? टिमकीच्या लग्नानंतर?"

मला भयंकर राग आला. "रविवारी! ती अख्खी मैफल, न उठता! ऐकली तर स्पीकर राहतील. नाही ऐकली तर घेऊन जाऊ देत तुझ्या दातवाल्यांना!"

"ठरलं! त्यांना रविवारी दुपारी टेम्पो घेऊन बोलावतो."

एवढी खात्री होती त्याला!

रविवारी मी सगळी तयारी केली. टिमकीला पोटभर खाऊ घालून झोपवलं. तिची खोली बरोब्बर स्पीकरच्या मागच्या भिंतीपलीकडे. दार ओढून घेतलं. सासूबाई स्वयंपाकघरात शेंगा सोलायला बसल्या. नवरा पंच म्हणून दाराच्या चौकटीला टेकून उभा. मी खुर्चीत बसले, डोकं जागेवर आणलं आणि बटण दाबलं.

श्वास. स्वर. व्हायोलिन. स्वर्ग!

आलाप वर चढला आणि भिंतीपलीकडून आवाज आला. "खुक् खुक्."

मी ताडकन उठले!

"हरलीस!" नवरा ओरडला.

"ती खोकली!"

"कोण? मला नाही ऐकू आलं."

आत जाऊन पाहिलं तर टिमकी गाढ झोपलेली. नवऱ्याने उदारपणे पुन्हा सुरुवात करायला परवानगी दिली. श्वास, स्वर, व्हायोलिन. आलाप चढला. "खुक् खुक्!"

पुन्हा धावले. पुन्हा गाढ झोप! तिसऱ्यांदाही तेच. आलाप वर गेला रे गेला की पोरीला खोकला! आणि मग माझ्यातला तो पदार्थविज्ञानाचा पहिला वर्ग जागा झाला.

"अरे, लक्षात आलं का? या पडद्यांवर विजेचा भार असतो. ते घरभरची धूळ ओढून घेतात. वरचा स्वर लागला की पापुद्रा जोरात थरथरतो, धूळ मागच्या बाजूने उडते आणि दाराच्या फटीतून थेट टिमकीच्या नाकात! म्हणून वरच्याच स्वराला खोकला येतो!"

नवऱ्याने विचारलं, "खालच्या स्वराला शिंकते का?"

"थट्टा नको करूस! तू आत जाऊन तिच्याजवळ उभा राहा. मी इथून ऐकते."

तो गेला. मी सीडी लावली.

"खोकली?" मी ओरडले.

"नाही!"

"आत्ता?"

"नाही गं!"

"अरे, मला स्पष्ट ऐकू आलं!"

"मग तूच खोकलीस!"

या आरडाओरड्याने टिमकी उठली आणि तिने जी टिमकी वाजवली, की शेंगांचं टोपलं हातात घेऊनच सासूबाई धावत आल्या. "काय झालं? पडली का?"

"आई, तिला खोकला झालाय. मला इथे बसून ऐकू येतो, ह्याला तिच्याजवळ उभं राहूनही ऐकू येत नाही!"

"त्याला लहानपणापासून आपल्याला हवं तेवढंच ऐकू येतं," सासूबाई म्हणाल्या आणि टिमकीला खांद्यावर घेतलं. "डॉक्टरांना फोन कर आधी."

बालरोगतज्ज्ञ बाईंना माझ्या फोनची सवय आहे. नाव सांगायच्या आधीच त्या म्हणाल्या, "आज काय गिळलं?"

"काही नाही. खोकला आहे. पण फक्त माझ्या खुर्चीतून ऐकू येतो."

"ऐकवा बघू," त्या म्हणाल्या.

मी खुर्चीत बसले, फोन कानाशेजारी बरोब्बर जागेवर धरला आणि धूळ उडवायला म्हणून गाणं लावलं. आलाप चढला. "खुक् खुक्. खर्रर्र."

"हा बाळाचा खोकला नाही," डॉक्टरीणबाई ठामपणे म्हणाल्या. "मोठा पुरुष आहे. वर्षानुवर्षं सिगारेट ओढणारा. घरात कोण आहे असं? छातीचा फोटो काढायला सांगा आणि बाळापासून लांब ठेवा!"

मी सावकाश मान वळवली. घरात मोठा पुरुष एकच होता!

"तू सिगारेट ओढतोस?"

"मी? अगं, मला उदबत्तीनेसुद्धा ठसका लागतो!"

"डॉक्टर खोटं बोलतील?" सासूबाईंनी टिमकीला माझ्याकडे दिलं आणि मुलाच्या शर्टाची कॉलर पकडून हुंगली. "तरीच रोज रात्री कचरा टाकायला स्वतःहून जातो! मी म्हटलं, एवढा गुणी कधीपासून झाला!"

"आई, मी खरंच कचरा टाकायला जातो!"

"लाज नाही वाटत? तान्ही पोर घरात!"

तेवढ्यात बेल वाजली. मी टिमकीला कडेवर घेऊन उठले आणि दार उघडलं. दारात टेम्पोची दोरी हातात घेऊन दातांचे डॉक्टर उभे! आतला आरडाओरडा ऐकून, आमच्याकडे कोणी गेलंय की काय, असा चेहरा करून ते दोन पावलं मागे सरकले.

"वेळेवर आलात!" सासूबाईंनी त्यांना हाताला धरून आत ओढलं. "ह्याचे दात बघा आणि सांगा, सिगारेट ओढतो का!"

"अहो, मी स्पीकर..."

"स्पीकर कुठे पळत नाहीत, कुंपणात आहेत! आधी दात!"

डॉक्टरांनी खिशातून मोबाइल काढला, उजेड पाडला. नवऱ्याने आ केला. आईपुढे भल्याभल्यांचं चालत नाही. गायिका मागे गातच होती. डॉक्टरांनी गालफड ओढून डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, बराच वेळ "हं... हं..." केलं.

"सिगारेटचा एकही डाग नाही. पण ही अक्कलदाढ काढावी लागेल. आणि हिच्या शेजारची काही फार दिवस टिकत नाही."

नवऱ्याचा आ तसाच राहिला.

सासूबाईंचे पाय एवढ्या धावपळीने भरून आले होते. "हुश्श!" करून त्या समोरच्या खुर्चीत बसल्या. म्हणजे 'त्या' खुर्चीत! त्यांचं डोकं खुर्चीच्या पाठीला टेकलं. डोळे मोठे झाले. त्यांनी हळूच मान पुढे केली, मग मागे, मग पुन्हा पुढे.

"अगं बाई! ही समोर येऊन बसली की!"

"कोण?"

"गाणारी!" आणि मग त्या ताठ झाल्या. "थांब. हा खोकला... हा तुझा मामा! तुमच्या लग्नात सगळे विधी होईपर्यंत माझ्या मागे बसून हाच खोकत होता. मी विसरेन होय?"

मी टिमकीला कडेवर घेऊन मामाला फोन लावला. सगळं ऐकून तो आनंदाने ओरडलाच, "ऐकू आला? भाचीबाई, त्या मैफलीत मी माइकपासून कुठल्या कुठे, रंगमंचाच्या पडद्यामागे, रुमालात तोंड घालून खोकलो होतो! आजवर कोणाला पत्ता लागला नाही. म्हणजे खुर्ची नेमक्या जागी ठेवलीयस!"

"मामा, सिगारेट सोड आणि छातीचा फोटो काढ. डॉक्टरांनी सांगितलंय."

"त्यांनी मला कधी तपासलं?"

"आत्ता. फोनवरून."

इकडे नवऱ्याचा आ मिटला होता आणि त्याला अट आठवली होती. "तू एकदाही पूर्ण मैफल ऐकलेली नाहीस! डॉक्टर, उचला स्पीकर."

गेला तो श्वास, गेलं ते व्हायोलिन! डॉक्टरांनी दोरीची गाठ सोडली आणि कुंपणाला हात घातला.

"हात लावाल तर खबरदार!" खुर्चीतून आवाज आला. सासूबाईंनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. "माझी मैफल चालू आहे."

"आई, पण अट..."

"घरात कोणीतरी पूर्ण ऐकायची ना? मी ऐकतेय. तू त्या शेंगा सोल. बोलू नकोस, ती खालच्या सुरात आलीय."

डॉक्टर दोरी गुंडाळून निघाले, पण रिकाम्या हाताने नाही. नवऱ्याच्या अक्कलदाढेची वेळ ठरवूनच गेले.

स्पीकर राहिले! जिंकले की नाही मी? फक्त आता खुर्चीवर सकाळ-दुपार सासूबाई असतात. शेजारच्या काकूंना बरोबर घेऊन येतात आणि आळीपाळीने बसतात. संध्याकाळी नवरा सुजलेला गाल धरून बसतो. त्याला म्हणे त्याने ठणका कमी होतो. माझ्या वाट्याला उरते ती टिमकीच्या झोपेची वेळ, आणि ती माझ्या मांडीवरच झोपते. छातीला टेकून, दोन्ही कान मामाने ठरवलेल्या जागी बरोब्बर आणून, पहिल्या स्वरालाच घोरायला लागते. तिच्या डोक्यामुळे माझं डोकं एक वीत बाजूला जातं. त्यामुळे मला सध्या मैफलीतलं फक्त अर्धं व्हायोलिन ऐकू येतं. हलावंसं फार वाटतं हो, पण उठली तर!