पडलेल्या पानाची व्याख्या

कामकाज सुलभीकरण प्रशिक्षण संस्थेच्या आवारात चार एकरांची हिरवळ होती आणि हिरवळीच्या तीन बाजूंना एकशे अकरा झाडं होती. थंडीची चाहूल लागली की झाडं पानं टाकत आणि माळीणबाई ती गोळा करत. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं. त्यामुळे त्यात काही गैर आहे, हे कुणाच्या लक्षात येण्याचं कारण नव्हतं.

ते नव्या संचालकांच्या लक्षात आलं. रुजू झाल्याच्या चौथ्या दिवशी ते हिरवळीच्या कडेने येत असता त्यांच्या खांद्यावर एक पान पडलं. त्यांनी ते दोन बोटांत धरून उलटसुलट पाहिलं आणि मागून येणाऱ्या हेडक्लार्कना विचारलं, "याचं पुढे काय होतं?"

"माळीणबाई झाडतात, सर."

"कुठल्या आदेशान्वये?"

एकतीस वर्षांच्या नोकरीत हेडक्लार्क पहिल्यांदाच अडखळले. दुपारपर्यंत त्यांनी चार कपाटं उपसली. हिरवळीला पाणी घालण्याचा आदेश सापडला, ती कापण्याचा सापडला, तिच्यावर न बसण्याचा तर तीन प्रतींत सापडला. पानं उचलण्याचा मात्र कुठेच नव्हता. म्हणजे संस्थेत बावीस वर्षं विनापरवाना झाडलोट चालू होती.

संध्याकाळी माळीणबाईंच्या हातात कागद पडला. आपण कोणत्या अधिकारात पाने हलवलीत, याचा खुलासा तीन दिवसांत करावा.

माळीणबाईंच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. त्या आल्या तेव्हा आवारात नुसती खडी होती. ती उचलून, माती पसरून, एकेक काडी खुरप्याने लावत त्यांनी ही हिरवळ उभी केली होती. जाताना ती हिरवीगार सोपवावी, एवढीच त्यांची इच्छा होती. घरी सुनेने स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद घेतला.

"काय लिहू, आई?"

"पान पडलं म्हणून उचललं, असं लिही."

"एवढंच?"

"मग दुसरं काय झालंय?"

हेडक्लार्क मनाने चांगले होते. एवढा उघडावाघडा खुलासा साहेबांपुढे ठेवणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी तो नीट लिहून काढला: 'पर्णपतनाच्या अनुषंगाने उद्भवलेल्या परिस्थितीत प्रचलित प्रथेस अनुसरून तातडीची कार्यवाही करण्यात आली.' संचालकांना भाषा पसंत पडली. पण त्यात 'प्रथा' असा शब्द होता आणि प्रथा म्हटली की धोरण आलंच. धोरणासाठी सात जणांची समिती नेमण्यात आली.

समितीच्या पहिल्या तीन बैठका पडलेल्या पानाची व्याख्या करण्यात गेल्या. फांदीवरून सुटलं पण कोळ्याच्या जाळ्यात लोंबकळतंय, असं पान पडलेलं धरायचं की नाही, यावर उपसंचालकांचं मत वेगळं पडलं. शेजारच्या आवारातून उडत आलेली पानं आपली की पाहुणी, हा मुद्दा कायदा सल्लागारांकडे गेला. दरम्यान, एकही पान हलवू नये असं ठरलं, कारण पानं झाडून टाकली तर समितीने तपासायचं काय? हिरवळीभोवती दोरी बांधली गेली. 'अभ्यास चालू आहे' अशी पाटी लागली. पहारेकऱ्याला वही दिली गेली आणि पानांची कुठलीही हालचाल तिच्यात लिहायला सांगितलं गेलं. पहारेकरी आज्ञाधारक होता. दुसऱ्याच दिवशी त्याने लिहिलं, 'सकाळी अकरा ते एक वारा. सुमारे दोन पोती पानांनी जागा सोडली. हटकले. थांबली नाहीत.'

पानं पडतच राहिली. त्यांच्यावर दव पडलं, मग त्यांच्यावर आणखी पानं पडली आणि पंधरवड्यात हिरवळीवर ओली, जाड गोधडी तयार झाली. एका दुपारी माळीणबाई दोरीशी गुडघे टेकून बसल्या. दोरीखालून हात घालून त्यांनी पानांचा थर उचलून पाहिला. खालचं गवत बरेच दिवस पट्टी बांधलेल्या बोटाच्या कातडीसारखं पांढरट पडलं होतं. त्यांनी थर परत होता तसा ठेवला, हात पदराला पुसले आणि तडक संचालकांच्या खोलीत गेल्या.

संचालक भले गृहस्थ होते. त्यांनी बाईंना खुर्ची दिली.

"साहेब, खालचं गवत गुदमरतंय. आणखी आठवडाभरात मुळं कुजतील."

"बाई, मला का कळत नाही? पण आज मी तोंडी हो म्हटलं आणि उद्या कुणी विचारलं, तर तुमच्यावरच येईल. मी तुमच्याच बाजूने विचार करतोय."

"माझ्या बाजूने नको, गवताच्या बाजूने करा."

"मग गवताचं लेखी द्या."

त्यांनी लेखी दिलं. सहाव्या दिवशी उत्तर आलं. समितीचा विषय पान हा आहे, गवत हा स्वतंत्र विषय आहे. पानांचा अहवाल आल्यावर गवतासाठी वेगळी समिती नेमावी की कसे, याचा विचार करता येईल.

सुनेने ते उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं. माळीणबाईंनी ऐकून घेतलं आणि त्या रात्री नेहमीपेक्षा लवकर झोपल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्या दाताळं घेऊन दोरीपाशी उभ्या होत्या.

"बाई, आत जायचं नाही," पहारेकरी म्हणाला.

"माहीत आहे मला."

"मला वहीत लिहावं लागेल."

"लिही की बाबा. तुझं काम तू कर, माझं मी करते."

पहारेकऱ्याने वही उघडली. मग तो पेन शोधू लागला. पेन त्याच्या कानावर होतं, पण ते सापडायला त्याला बराच वेळ लागला. तोवर बाईंनी फाटकापासून पाण्याच्या हौदापर्यंत, तीन दाताळी रुंदीचा पट्टा मोकळा केला. त्यांच्या पाठीला रग लागली होती, पोलक्याची पाठ घामाने ओली झाली होती आणि महिनाभरात पहिल्यांदाच त्यांना बरं वाटत होतं. त्या चौथं दाताळं ओढणार तेवढ्यात हेडक्लार्कची स्कूटर फाटकातून आत आली.

हेडक्लार्कनी स्कूटर उभी केली आणि कपाळाला हात लावला. "बाई, तीनच महिने उरले होते हो."

बाईंवर दोषारोप ठेवण्यात आले. चौकशी होईपर्यंत त्यांना हिरवळीवर पाऊल टाकायला मनाई झाली आणि त्यांच्या कौशल्याचा उपयोग व्हावा म्हणून संचालकांच्या दालनाबाहेरची प्लॅस्टिकची रोपं पुसायचं काम देण्यात आलं. ते त्यांनी मन लावून केलं. रोपं मरत नसल्यामुळे तक्रारीला जागा नव्हती.

झाडांवरचं शेवटचं पान गळून गेल्यावर समितीचा अहवाल आला. तो एकशे चौदा पानांचा होता. निष्कर्षात म्हटलं होतं, 'सद्यःस्थितीत एकही पान पडत नसल्याचे आढळून आले. सबब उपाययोजना यशस्वी ठरली आहे.' त्यानंतर गोधडी उचलायची रीतसर परवानगी मिळाली. माणसं लावून ती उचलली, तेव्हा खाली चार एकर काळी चिकट माती निघाली. नंतर तुरळकच पानं पडल्यामुळे हिरवा राहिला होता तो फक्त फाटकापासून हौदापर्यंतचा पट्टा.

त्याच आठवड्यात मुख्यालयातून तपासणी पथक आलं. पथकाच्या प्रमुख बाई फाटकातून आत आल्या आणि थबकल्या.

"हे मधलं हिरवं काय आहे?"

माळीणबाई कोपऱ्यात फडकं घेऊन उभ्या होत्या. हेडक्लार्कनी त्यांच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर बुटांकडे वळवली.

"प्रायोगिक पट्टा, मॅडम," संचालक म्हणाले.

"आणि बाकीचं?"

"तुलनेसाठी."

प्रमुख बाई प्रभावित झाल्या. एवढा शास्त्रशुद्ध विचार करणारी संस्था त्यांनी पाहिली नव्हती. महिन्याभरात संचालकांचा गौरव झाला आणि सर्व भगिनी संस्थांना परिपत्रक गेलं: पानगळीत तीन दाताळी रुंदीचा एक पट्टा झाडावा, उर्वरित हिरवळ तुलनेसाठी पानांखाली ठेवावी. भगिनी संस्थांनी त्याची तंतोतंत अंमलबजावणी केली.

गौरवपत्र फाइलमध्ये सत्याऐंशी क्रमांकाला लागलं. अठ्ठ्याऐंशी क्रमांकाला माळीणबाईंवरचा निकाल लागला: विनापरवाना पट्टा झाडल्याबद्दल सक्त ताकीद, सेवापुस्तकात नोंद. दोन्हींवर सही एकाच पेनाची होती.

निवृत्तीच्या दिवशी खुरपं आणि दाताळं जमा करताना बाईंनी विचारलं, "भाऊसाहेब, एक सांगा. पट्टा झाडला ते चांगलं झालं की वाईट?"

हेडक्लार्कनी दाताळ्याचे दात तपासले, पावती फाडली आणि मग हळू आवाजात म्हणाले, "बाई, झालं ते चांगलं. तुम्ही केलंत ते वाईट."

बाईंना ते पटलं असावं, कारण त्यांनी पुन्हा कुणाला विचारलं नाही.

आता पट्ट्याला पितळी साखळी आहे आणि संगमरवरी फलकावर सातही सदस्यांची नावं आहेत. लांबून लोक पाहायला येतात. बाईसुद्धा अधूनमधून येतात. साखळीशी बसून, हात पोहोचेल तेवढं तण बोटांनी उपटतात आणि जातात. परवा एक सुशिक्षित गृहस्थ कुटुंबासह आले होते. त्यांनी मुलांना फलक वाचून दाखवला, मोबाइल वर धरला आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, "आजी, जरा बाजूला होता का? फोटोत येताय."

बाई उठल्या आणि बाजूला झाल्या.

फोटो सुंदर आला. गृहस्थांनी त्याखाली लिहिलं, 'मनात आणलं तर आपल्याकडेही होऊ शकतं. फक्त शिस्त हवी.' तो तुमच्याकडेही आला होता. तुम्ही त्याला अंगठ्याचं चिन्ह देऊन तो पुढे पाठवलात.