धोंडुबाईच्या रेडिओचा गुप्त तपास

हंबीरराव स्वतःची ओळख करून द्यायच्या आधी खोकत. मग सांगत, की कृष्णा-कोयनेच्या संगमापासून पार मिरज जंक्शनापर्यंत त्यांच्या नजरेचा दुसरा माणूस झाला नाही. मिल्ट्रीत त्यांनी नुसत्या बुटाच्या ठशावरनं हेर ओळखले, आणि चिंचमाळ गावात चोऱ्या होत नाहीत त्या केवळ त्यांच्या धाकानं. मिल्ट्रीत ते भांडारात ब्लँकेटांच्या घड्या घालत, आणि चिंचमाळात चोरण्यासारखं कुणाकडं काही नव्हतं, हे बाळासोला पक्कं ठाऊक होतं. पण बाळासो पडला मेहुणा. दाजींना एकटं सोडू नको, कुठंतरी मार खाऊन येतील, असं बहिणीनं बजावलेलं, म्हणून तो बिचारा त्यांच्या मागनं पिशवी घेऊन हिंडायचा. पिशवीत भिंग, शिट्टी आणि दाजींची पित्ताची गोळी असायची.

अशा या थोर पुरुषाकडं एकतीस डिसेंबरला सकाळीच धोंडुबाई आली. तिचा रेडिओ गेला होता.

कराडच्या 'शिवारवाणी' केंद्रानं त्या दिवशी गाणी बंद ठेवून दिवसभर नुसतं बोलायचं ठरवलं होतं. सरत्या वर्षाचा आढावा म्हणे. एका कारखान्याचे चेअरमन संयमावर बोलणार होते. गेल्या साली ज्यांचं एकही भविष्य खरं झालं नाही, ते ज्योतिषी पुढच्या सालाचं सांगणार होते. आणि दुपारी चारला 'घरोघरीचे संकल्प' यात खुद्द धोंडुबाई बोलणार होती. केंद्रावरची शिवांजली नावाची पोरगी मागच्या आठवड्यात येऊन तिचं बोलणं भरून घेऊन गेली होती.

ही गोष्ट धोंडुबाईनं नवऱ्यापासून लपवली होती. आकाराम माणूस देवासारखा, पण घरात बोलायलाही देवासारखाच. त्याच्या तोंडावर जे जन्मात सांगता आलं नाही ते तिनं रेडिओत सांगून टाकलं होतं, आणि त्याला शेजारी बसवून ऐकवायचं होतं. एकदाच लागणार होतं ते. गावात मोबाईल घरटी चार, त्यात सगळं सापडायचं, रेडिओ तेवढा सापडत नव्हता. चालता रेडिओ धोंडुबाईचाच काय तो एक.

"चारच्या आत घावंल का वो?" तिनं विचारलं.

"घावंल. पन एक अट हाय," हंबीरराव म्हणाले. "तपास गुप्त. रेडिओ हा शब्द कुनी तोंडातनं काढायचा न्हाई. वस्तू म्हनायचं. नायतर चोर सावध हुतो."

धोंडुबाईच्या घरी रेडिओच्या कोनाड्यात त्यांना मक्याचं वाळकं पान मिळालं आणि सुतळीचा तुकडा मिळाला. रेडिओबरोबर भिंतीवरची एरियलची तारही गेली होती. भिंगातून पान न्याहाळून त्यांनी जाहीर केलं, की चोर महाबळेश्वरचा टॅक्सीवाला आहे. मक्याची कणसं भाजून खातं कोण, तर पर्यटक. त्यांना हिंडवतं कोण, तर टॅक्सीवाला. गावाला लागून पाच-पन्नास एकर मका उभा आहे, हे बाळासोनं भीत भीत सुचवलं. तर 'डोळ्यांसमोरचा पुरावा नेहमी खोटा असतो', असं ऐकावं लागलं. मग तारेवरनं दुसरा निष्कर्ष निघाला. तार लागते कुणाला? सतारवाल्याला. सतारी बनतात मिरजेत, म्हणजे यात मिरजेचा हात आहे. टॅक्सीवाला आणि सतारवाला आपसात मिळालेले आहेत, इथवर प्रकरण आलं तेव्हा पित्ताची गोळी द्यावी लागली.

दुपारी आकाराम भाकरीला घरी आला. कमरेला सुतळीचं बंडल, केसांत मक्याचा तुरा. बाळासो म्हणाला, दाजी, यांना विचारून तर बघू.

"घरच्या मान्साला कवा इचारायचं नसतं," हंबीरराव कुजबुजले. "ती खरं बोलून तपास बिगडवत्यात."

आकारामला एवढंच सांगितलं, की वस्तू गेलीय. तो भला माणूस भाकरी तशीच ठेवून उठला आणि हुडकू लागला. गोठा बघितला, कणगीत हात घातला. काय हुडकायचं ते त्याला माहीत नव्हतं. पण लग्न झाल्यापासून घरात तो असाच हुडकत आलेला, त्यामुळं त्यानं विचारलं नाही.

तोवर हंबीररावांनी नदीकाठी धाड घातली. थर्टीफस्टची तयारी करणारी पोरं तिथं कोंबडी शिजवत होती. दाजींनी पातेल्यात रेडिओ नसल्याची खात्री करून घेतली आणि पुरावा म्हणून दोन तुकडे खाल्ले. तिसरा बाळासोनं मागितला तर पुरावा संपला होता.

चार वाजत आले. अंगणात आळीतल्या बाया ऐकायला जमल्या होत्या, आणि आकाराम अजून खाटेखाली वाकून हुडकत होता. धोंडुबाई उंबऱ्यावर बसली होती. तिचा धीर सुटला.

"खड्ड्यात गेली तुमची वस्तू. माजा रेडिओ हुडका कुनीतरी."

आकाराम खाटेखालनं बाहेर आला. "रेडिओ व्हय? त्यो मीच न्हेलाय की मक्यात."

सकाळी रेडिओवर सांगितलं होतं, की आज दिवसभर नुसती बोलणी. रानडुकरं गाण्याला सरावली होती, गाणं लागलं की उलट चवीनं खायची. माणसाच्या बोलण्याला मात्र अजून भीत होती. म्हणून त्यानं तारेसकट रेडिओ राखणीच्या माळ्यावर नेऊन बांधला होता.

"हेच मला वदवून घ्यायचं हुतं," हंबीरराव म्हणाले.

सगळी आळी रानात पळाली. चार केव्हाच वाजून गेले होते. पण नशीब थोर, चेअरमनसाहेबांना स्वतःला आवरता येत नव्हतं, त्यांचा संयम अजून चालूच होता. तो संपला आणि मक्यातनं धोंडुबाईचा आवाज आला.

"माजा कसला संकल्प बाई. आमच्या मालकानं करावा. दिसभर रानात डुकरावर वरडत्यात आन् घरात आलं की गप. पोरं पुन्याला गेली. भिताडासंगं किती बोलू मी? नव्या साली सांजच्याला माज्यासंगं दोन शबुद बोलावं. बास, दुसरं काय नगं."

धोंडुबाईनं तोंडाला पदर लावला. आकाराम माळ्यावर चढला आणि सुतळी सोडू लागला.

"आवं, डुकरं येतील," ती म्हणाली.

"येऊ देत."

दोनच शब्द, पण धोंडुबाईला भरून आलं. रेडिओ काखेत मारून आकाराम घराकडं निघाला आणि चार पावलांवर तिच्यासाठी थांबला.

राहिला प्रश्न मक्याचा. त्याचा छडा मात्र बाळासोनं लावला. त्यानं दाजींना हाताला धरून माळ्यावर चढवलं आणि म्हणाला, की तुमची नीट ओळख गावानं अजून ऐकलीच नाही. हंबीरराव खोकले आणि कृष्णा-कोयनेच्या संगमापासून त्यांनी सुरुवात केली. बाळासो घरी जाऊन निवांत चहा प्याला. त्या दिवशी मक्याकडं एक डुक्कर फिरकलं नाही.