लिंबाचं सामान्यरूप

अळ्यांना विष घालायचं नाही, एवढंच मी ठरवलं होतं. निर्णय दयेचा होता. (शिवाय औषधाचं दुकान लांब होतं आणि ऊन फार होतं.)

आमच्या परसात एक लिंबू आहे. सासूबाईंनी जाण्याआधीच्या वर्षी स्वतःच्या हातानं लावलेलं. यंदा त्याला पहिल्यांदा फुलं आली आणि पाठोपाठ अळ्या. घरात सगळे त्यांना इल्ल्या म्हणतात, कारण अख्खं देवास म्हणतं. अळीला अळी म्हणणारा मी एकटा. दर रविवारी मराठी मंडळात मुलांना शुद्ध मराठी शिकवतो, तेव्हा एवढं करावंच लागतं.

त्याच आठवड्यात माझी बायको देवश्री धारला निघाली. तिच्या नर्मदाआत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. बॅग उचलून ती फाटकाशी थांबली.

"अहो, आईचं झाड सांभाळा. इल्ल्या हातानं वेचा, नाहीतर काहीही करा. मी येईन तेव्हा त्याच्यावर पानं दिसली पाहिजेत."

"एका पानाला धक्का लागणार नाही," मी म्हणालो.

शेजारचे भूपेंद्रजी मूळचे सोनकच्छचे. तिकडे त्यांची सोयाबीनची शेती आहे. ते कुंपणावरून म्हणाले, "विश्वास भिया, सोयाबीन वाली दवा पड़ी है घर में. एक बार मार दो, इल्ली साफ!"

"भूपेंद्रजी, हमें वो नींबू खाना है."

"तो धो के खा लेना!"

मी नको म्हटलं आणि घरगुती उपाय विचारायला धारला फोन लावला. आत्याबाई ऐंशीच्या पुढच्या. डोळ्याला पट्टी, पण आवाज खणखणीत आणि मराठी जुन्या वळणाचं.

"जावईबापू, त्यात काय एवढं? लिंबाचा पाला घ्यावा, चांगला पाच शेर. पाण्यात रटरट उकळावा, गार झाला की गाळावा, नि झाडावर शिंपडावा. कीड म्हणून राहत नाही."

मी एकच शंका विचारली. "शेर म्हणजे किती?"

"किलोच धरा."

फोन ठेवला तशी कॉलेजात जाणारी माझी मुलगी प्रियांका म्हणाली, "बाबा, लिंब मतलब नीम ना? आत्याआजी नीमला लिंब बोलते."

"बोलते नाही, म्हणते. आणि लिंब नाही, लिंबू. लिंबू, लिंबाचा, लिंबाला. याला सामान्यरूप म्हणतात."

"पण लिंबूचा पाला लिंबूवरच?"

"काट्यानं काटा काढावा, अशी मराठीत म्हण आहे."

"ठीक है," म्हणून तिनं कानात इअरफोन घातले. हिंदी शाळेत गेलेल्या मुलांचं मराठी असं कच्चं राहतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शिडी मी लिंबाला लागूनच असलेल्या आमच्या नीमला टेकवली. हा नीम अवाढव्य आणि माझ्या मते अगदी निरुपयोगी. त्याच सकाळी त्याची विजेच्या तारेला लागणारी फांदी तोडून, हिरव्यागार पाल्यासकट मी कचरागाडीत घालून दिली होती. मग लिंबाला हात घातला. काटे बोचत होते, म्हणजे म्हण बरोबर होती. कुरतडलेली पानं अळ्यांना ठेवली आणि चांगली चांगली मी घेतली, औषधात भेसळ नको म्हणून. दोन किलो झाले तेव्हा झाड विरळ झालं. चार किलो झाले तेव्हा त्याच्यातून पलीकडचे भूपेंद्रजी स्वच्छ दिसायला लागले.

"भिया, छँटाई कर रहे हो?"

"दवा बना रहा हूँ."

त्यावर त्यांनी आत जाऊन घरच्यांनाही बघायला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी गाळलेलं पाणी घेऊन गेलो, तर शिंपडायला झाडावर फारसं काही नव्हतं. काड्यांवर शिंपडलं. अळ्यांनी डोक्यातून नारिंगी शिंगं काढून माझ्याकडे पाहिलं, उरलेली पानं संपवली आणि दोन दिवसांत निघून गेल्या. औषधाला गुण आला. मी फोनवर कळवलंही, "आता एकही अळी नाही." (हे खरं होतं.)

बाराव्या दिवशी देवश्री आत्याबाईंना घेऊनच आली, पाडव्यासाठी. ती तडक परसात गेली आणि नुसती बघत राहिली. मग पायरीवर बसली.

"आईचं होतं हो ते," एवढंच म्हणाली.

ओरडली असती तर परवडलं असतं. मला खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत्याबाईंनी काळा चष्मा सारखा केला. "जावईबापू, पाला आणलात कुठून?"

"इथलाच. लिंबाचा."

"हे लिंबू." त्यांनी काठी वर केली. "लिंब तो."

मी ज्याच्या सावलीत उभा होतो, त्या झाडाकडे मान वर करून पाहिलं. "हा? हा तर नीम!"

"बाबा, मराठीत बोला," प्रियांका म्हणाली.

"पण सामान्यरूप दोन्हींचं एकच होतं," मी हळूच म्हणालो.

"असेना का! झाडं दोन आहेत, नि डोळेही तुम्हांला दोन आहेत. मला एकानं दिसतंय."

मग त्यांनी नखानं खोड जरासं खरवडलं. आत हिरवं होतं. "देवश्री, रडू नकोस. बागवाले बहार धरायला पाणी तोडून मुद्दाम पानं गाळवतात. फुटेल हो."

आणि फुटलं. पाडव्याच्या सकाळी देवश्रीनं मला हाक मारून परसात नेलं. काड्यांवर तांबूस कोंब आले होते, मोहरीएवढे. यंदा लिंबं मिळणार नव्हती, पण झाड होतं. ती हसली, आणि पंधरवड्यात पहिल्यांदाच माझ्या जिवात जीव आला.

गुढी उभारली. गुळाबरोबर लिंबाचा कोवळा पाला वाटला. (तो प्रियांकानं तोडला. मला शिडीला हात लावू दिला नाही.) जेवायला बसलो तेव्हा तिला माझी दया आली असावी.

"बाबा, इल्लीला शुद्ध मराठीत काय म्हणतात?"

मी ताठ बसलो. घसा खाकरला. पण तोंडात कडू पाला होता, तो गिळेपर्यंत आत्याबाईच म्हणाल्या,

"आमच्या धारला तिला 'जावईबापू' म्हणतात."