मथुरामावशीची मूठ

मथुरामावशीवर अन्याय झाला तो अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, बंदराच्या रस्त्यावरच्या जुन्या कोळंबीच्या फॅक्टरीत. अन्याय करणारा म्हणून पत्रकात मालकाचं नाव छापायची मला सवय आहे. या वेळी त्या जागी कामगारांसाठी लढणाऱ्या आमच्याच समितीचं नाव आहे.

आधी मावशी कोण ते सांगते. आमच्या शेजारी एकटी राहते, मुलगा मुंबईला. तिच्यासमोर तुम्हाला साल असलेली कुठलीही वस्तू स्वतः सोलून खाता येत नाही. उकडलेलं अंडं असो, संत्रं असो, हातातून कधी गेलं ते कळायच्या आत सोलून परत येतं. एकदा एसटीत तिने शेजारच्या अनोळखी गृहस्थांचं केळं सोलून त्यांच्या हातात ठेवलं. ते खवळले. मावशी म्हणाली, "खावा आता. बर्फ वितळतोय."

हे तिचं पालुपद, कोळंबी सोलायच्या कामावर होती तेव्हापासूनचं. फॅक्टरीत कोळंबी बर्फातून यायची आणि बर्फ वितळायच्या आत सोलून व्हावी लागायची. फॅक्टरी बंद पडून कित्येक पावसाळे गेले, मावशीच्या डोक्यातला बर्फ मात्र अजून वितळतोच आहे. लग्नात भटजी रेंगाळले की, "आटपा, बर्फ वितळतोय!" बँकेतला कारकून चहाला उठला की तेच. माझं एक स्थळ महिनाभर नुसतं 'कळवतो, कळवतो' करत होतं, तेव्हा तिने मुलाच्या आईला फोन लावून तेच सुनावलं. स्थळ गेलं. मला काही वाईट वाटलं नाही.

फॅक्टरी बसली तशी आजूबाजूची गल्लीही बसली. खानावळ गेली, बर्फाचा कारखाना गेला. आता नव्या मालकाने ती रंगवून काढली आहे. बाहेर फलक, 'जुन्या शहराला नवं जीवन'. शीतगृहात फोटोंचं दालन, सोलायच्या हॉलमध्ये खाण्याचे गाळे. सालं वाहून नेणाऱ्या गटारावर काच बसवली आणि काचेखाली निळे दिवे. मावशीने वाकून बघितलं. "अगो, आमच्या वाडीच्या खांबाला बल्ब नाय, नि गटाराला लायटिंग!"

ज्या हॉलमध्ये बायांची बोटं बर्फाने बधिर झाली, तिथे त्यांच्यातली एकही नसावी? आम्ही पत्रकं वाटली, गेटवर ठाण मांडलं आणि जुन्या कामगार बाईसाठी एक गाळा मिळवला. एकच. अर्ज आले दोन. एक मावशीचा, दुसरा कमलकाकूचा. कमलकाकू फॅक्टरीत मावशीच्या शेजारी बसायची. आता तिची बोटं संधिवाताने वाकडी झालीत.

समितीला न्याय हवा होता आणि फोटोही हवे होते. म्हणून आम्ही स्पर्धा ठेवली. दोघींसमोर सारखी कोळंबी, सारखे टब. ठरल्या वेळात जिच्या सोललेल्या कोळंबीचं वजन जास्त, तिला गाळा. माइक माझ्याकडे.

निकाल एकतर्फी लागणार हे सगळ्यांना माहीत होतं. वजन केलं, तर कमलकाकू पुढे! मग कुणीतरी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ दाखवला. मावशीचा डावा हात, तिकडे न बघता, मधूनमधून कमलकाकूच्या टबात मूठ टाकत होता. अध्यक्ष माझ्या कानाशी लागले. मी जाहीर केलं, "संगनमत झाल्यामुळे दोन्ही स्पर्धक बाद."

लोक हसले. मावशीने हात धुतले, पदर खांद्यावरून घेतला आणि गेली. कमलकाकू थांबली.

"बाय, ती मूठ हाय," ती म्हणाली. "जिचं वजन भरत नाय तिच्या टबात शेजारणीनं टाकायची. कोण बाळंतीण असते, कोणाला ताप असतो. माझं पोर अंगावर होतं तेव्हा हिच्याच मुठींनी माझा टब भरलाय. मुकादमाला ठाऊक होतं. तो तोंड फिरवायचा. तुम्ही माइक घेतलात."

माझ्या प्रत्येक पत्रकाच्या तळाशी असतं, 'कामगार एकजुटीचा विजय असो'. ती एकजूट माझ्यासमोर बसून कोळंबी सोलत होती. मला ओळखता आली नाही. मुकादमाला आली होती.

संध्याकाळी माफी मागायला गेले. मावशी लसूण सोलत बसली होती, समोर एक भरली परात आणि दोन ताटल्या.

"मावशी, चुकलंच गो आमचं."

"ता ऱ्हावंदे. सोलता येतं काय तुला? मग बस."

बसले. लसूण संपायचं नाव घेईना. "एवढा कुणासाठी?" मी विचारलं.

"कुणासाठी नाय. शेजारी कोण येऊन बसलंच, तर त्याच्या हाताला काम नको?"

दुसरी ताटली कशासाठी होती ते तेव्हा कळलं. माझ्या ताटलीत जेमतेम चार पाकळ्या होत्या. मावशीने माझ्याकडे न बघता त्यात एक मूठ टाकली.

तो गाळा अजून कुलपात आहे. येत्या रविवारी, त्याच हॉलमध्ये, तो एका मोमोवाल्याला द्यायचा ठराव आमचीच समिती मांडणार आहे. सभा खुली आहे. मी विरोधात हात वर करणार, पण एका हाताने वजन भरत नाही. तुम्ही या. हात वर करा आणि गाळा मथुरामावशी आणि कमलकाकू, दोघींच्या नावावर मागा.

आटपा. बर्फ वितळतोय.