ओटी भरली, आता जावंच लागेल

या माउली, अशा पुढं सरकून बसा. टाळ थांबलेत, बुवा गूळपाणी घेताहेत. तेवढ्यात नल्लकुंट्यातल्या एका संसाराची गंमत ऐकून घ्या. आपल्या हैदराबाद राज्याचे तीन वाटे झाले, मराठी वाटा मुंबईकडे गेला, त्या सालची.

कारकून दिगंबररावांना दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगायचं होतं, मुंबईला जाणार की इथंच राहणार. त्यांच्या बायकोचं, निर्मलाबाईंचं, माहेर तिकडचं, तेव्हा तिला जायचंच असणार, असं ते धरून चालले. निर्मलाबाईंना वाटे, तिकडे यांना बढती आहे, आपण आड कशाला यायचं? गल्ली दोघांनाही सोडवत नव्हती. दोघंही एकमेकांसाठी हसऱ्या तोंडानं गप्प.

सकाळी निर्मलाबाई विद्यानगरला नणंदेकडे गेल्या आणि इकडे कीर्तनकार एकनाथबुवा अचानक दारात उभे! दिगंबररावांना राहवतंय कुठं? "बुवा, आज संध्याकाळी कीर्तन आमच्याकडेच!" बैठकीची खोली मोकळी हवी म्हणून त्यांनी पलंग, ट्रंका, वळकट्या अंगणात काढल्या आणि बुवांना घेऊन जामबागेच्या फुलबाजारात हार आणायला गेले.

त्या दिवसांत गल्लीतली मराठी घरं एकेक करून रिकामी होत होती आणि दर वेळी आधी असंच सामान अंगणात यायचं. शेजारच्या पद्मावतीअक्कांनी ते कुंपणावरून पाहिलं, डोळ्यांना पदर लावला आणि शिदोरीला चिंचेचा भात टाकला.

निर्मलाबाई परतल्या तर फाटकातच अक्का, हातात खण-नारळ.

"अय्यो निर्मलम्मा, बोलली पण नाहीस की! इतकी वर्षं एका आडावर पाणी भरलं, अन् चोरून चाललीस?"

"मी कुठं चालले?"

"मग हे सामान काय हवा खायला बसलंय?"

निर्मलाबाईंनी अंगणाकडे पाहिलं. ठरवलं म्हणायचं यांनी. त्यांनी पदर पुढं करून ओटी घेतली आणि डोळे पुसत स्वयंपाकघरही बांधायला काढलं. गाडी चुकायला नको म्हणून अक्कांनी टांगाही बोलावला.

दिगंबरराव हार घेऊन आले, तर ट्रंका टांग्यात आणि बायको मांडीवर देव्हारा घेऊन बसलेली.

"अगं, इतकी घाई? साहेबांना अजून सांगायचंय!"

"घाई मला? पलंग कुणी काढला अंगणात?"

"कीर्तनासाठी काढला!"

"मग मुंबई?"

"तुला माहेर जवळ होईल म्हणून मी हो म्हणणार होतो."

"नक्को मला माहेर! तुमच्या बढतीपायी मी तोंड शिवून बसले होते."

"बढती काय चाटायचीय? मला इथून हलायचंच नाही गं."

टांगेवाला कंटाळला. "साब, चलना है की सामान उतारूं?"

दोघंही हसायला लागली. निर्मलाबाई उतरणार, तोच अक्का आडव्या आल्या. "थांब! वाटेची ओटी भरली, शिदोरी दिली. आता न जाता उतरलीस तर अपशकुन. जावंच लागेल."

सगळ्यांनी बुवांकडे पाहिलं. बुवा गंभीरपणे म्हणाले, "जावं तर लागेल. पण किती लांब, ते कुठल्या शास्त्रात लिहिलंय?" आणि स्वतःही टांग्यात चढून बसले.

टांगा बरकतपुऱ्यापर्यंत गेला. एका झाडाखाली तिघांनी चिंचेचा भात खाल्ला, टांगेवाल्यालाही दिला आणि मागं फिरले. दारात अक्का भाकरतुकडा आणि पाणी घेऊन उभ्याच होत्या. दोघांवरून ओवाळून टाकत त्यांनी विचारलं, "प्रवास कसा झाला? किती वाळलीस गं निर्मलम्मा!"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "काय दिगंबरराव, जाणार का?"

"साहेब," दिगंबरराव म्हणाले, "जाऊन आलो."

तर माउली, घरी सांजवात लावून हात जोडाल, तेव्हा पद्मावतीअक्कांचं नाव एकदा घ्या.